नायिकेची उलटतपासणी

अत्याचार सोसणाऱ्या बाईची कथा किंवा कादंबरी वाचून झाली की तिच्यावरची चर्चा हल्ली ठरावीक वळणानं जाते. ती घर सोडून का गेली नाही? उलट हात का उगारला नाही? एवढं सोसून मिळवलं काय? समाजमाध्यमांवर तर एका ओळीत निकाल लागतो : नायिका दुबळी आहे. विरुद्ध बाजूला तिच्यापुढे हात जोडून उभे असलेले लोक असतात. त्यांना तिची सोशिकता हा दागिना वाटतो. आणि या दोघांचं भांडण ऐकणारा तिसरा पक्ष मध्येच म्हणतो, बायकांचा एकोपा वगैरे पुस्तकात ठीक आहे, खऱ्या जगात बाईच बाईची वैरीण असते.

मला हे तिन्ही पक्ष एकाच चुकीवर उभे दिसतात. तिघेही बाईला कथेतून उचलून बाहेर काढतात, एकटीला समोर उभं करतात आणि मग तिचा स्वभाव तपासतात. ती शूर की भित्री, सोशिक की बंडखोर, मायाळू की मत्सरी? तिच्या शेजारी कोण बसलं होतं, कोणी तिला निरोप पोचवला, कोणी दार उघडलं आणि कोणाला इच्छा असूनही ते उघडता आलं नाही, हे विचारायचं राहूनच जातं. जुलमाखाली तगून राहणं हा कुणा एकीच्या मनगटातला जोर नसतो. अनेकींनी मिळून, बहुतेक वेळा चोरून, थोडी थोडी केलेली ती मेहनत असते. चांगलं ललित साहित्य ही मेहनत दाखवतं. ती वाचायची सोडून आपण नायिकेला गुण देत बसतो, ही माझी तक्रार आहे.

सोशिक नायिकेवर चिडणाऱ्यांचं म्हणणं मात्र पोकळ नाही. सोसण्याच्या गोष्टींनी आपल्याकडे भरपूर नुकसान केलं आहे. 1991 साली 'माहेरची साडी' या चित्रपटाला गावोगावच्या बायकांनी थिएटरं भरून टाकली. छळली गेलेली सून शेवटपर्यंत चांगलीच राहते आणि मरते. तिच्या चांगुलपणाची खूण म्हणजे तिचं मरण. अशा गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलीला सासरी त्रास झाला, तर तो आपल्या परीक्षेचा भाग आहे असं वाटणं स्वाभाविक आहे. दूरचित्रवाणीवरच्या मालिका तेच दळण रोज संध्याकाळी दळतात. तेव्हा मुलींना दुसरी उदाहरणं द्या, असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. तरीही त्याच चित्रपटाला आलेल्या बायका एकट्या येत नव्हत्या. शेजारणी-पाजारणी, नणंदा-भावजया मिळून येत होत्या आणि आपल्या घरात ज्यावर रडायची सोय नाही त्यावर अंधारात एकत्र रडत होत्या. पडद्यावरची गोष्ट वाईट होती म्हणून त्या रडण्यालाही मूर्खपणा ठरवायचं का?

माझा खरा आक्षेप प्रतिकाराचा पुरावा मागण्याच्या सवयीला आहे. ही सवय वाङ्मयीन वाटते, पण तिचा इतिहास न्यायालयातला आहे आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. ते मथुरा प्रकरण म्हणून देशभर ओळखलं गेलं. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असं सांगून शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. खुणा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, म्हणजे संमती होती. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 साली कायदा बदलला. ताब्यात असलेल्या स्त्रीच्या बाबतीत, तिने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ते मानून चालावं, अशी तरतूद आली. 'ती का ओरडली नाही' हा प्रश्न कायद्याला सोडावा लागला. कादंबरीच्या वाचकांनी तो अजून सोडलेला नाही. पोलीस चौकीत अडकलेल्या मुलीला आणि 1890 सालच्या पुण्यातल्या वाड्यात अडकलेल्या विधवेला आपण तोच एक सवाल करतो : तुझ्या अंगावरच्या खुणा दाखव.

ती विधवा म्हणजे हरि नारायण आपट्यांची यमू. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली आणि 1893 साली पुस्तकरूपाने निघाली. यमू आपली हकीकत स्वतः सांगते. माहेर, सासर, नवऱ्याने शिकवलेली अक्षरं, मुंबईतलं थोडं मोकळं बिऱ्हाड, नवऱ्याचा मृत्यू आणि मग शंकरमामंजींच्या राज्यात जबरदस्तीने झालेलं केशवपन. आजचा वाचक म्हणतो, यमू शेवटपर्यंत रडतेच. असेल. पण यमूची मैत्रीण दुर्गी आठवा. दुर्गीचं लग्न हा एक रोजचा मार आहे, आणि त्या दोघी मुली संधी मिळेल तेव्हा एकमेकींजवळ बोलतात. या बोलण्यातून कुणाची सुटका होत नाही. पण जे घडतंय ते चुकीचं आहे, हे एकीने सांगावं आणि दुसरीने ऐकून मान्य करावं, एवढं त्यातून घडतं. ज्या घरात सगळी मोठी माणसं 'हेच रीतीला धरून आहे' म्हणतात, तिथे 'हे चुकीचं आहे' अशी साक्ष देणारी एक जरी असली तरी माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं. यमू पुढे सगळी हकीकत सांगू शकते, कारण ती आधी कुणाजवळ तरी बोलत आली आहे. आपट्यांनी कादंबरी यमूच्या तोंडून वदवली, ही मला त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते. तिला त्यांनी जिंकवलं नाही. 1890 मध्ये ते खोटं झालं असतं.

खोटं झालं असतं का? इथे कोणी रखमाबाईंचं नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवं. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. 1884 पासून खटला चालला, 1887 मध्ये न्यायालयाने नांदा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा म्हटलं, आणि त्यांनी तुरुंग पत्करतो असं सांगितलं. खरी बंडखोर बाई! मग यमूला का जमू नये? पण रखमाबाईंची गोष्ट नीट सांगितली तर तीही एकटीची गोष्ट राहत नाही. पाठीशी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते. रखमाबाईंच्या बाजूने समिती उभी राहिली. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना विलायतेत वैद्यकी शिकायला जाण्याचा मार्ग मोकळा करून दिला, आणि 1894 मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या. त्यांचं धैर्य यामुळे तसूभरही कमी होत नाही. मात्र ज्या बाईला घरात एक समजूतदार वडील, बाहेर एक समिती आणि शहरात एक डॉक्टरीण लाभली नाही, तिला 'रखमाबाई हो' म्हणणं म्हणजे तिच्या वाट्याला जे आलंच नाही त्याचा हिशोब तिच्याकडे मागणं.

जुलमालाही पुष्कळ हात लागतात, हे त्याच काळाने दाखवून दिलं. यमूची कथा छापली जाऊ लागली त्याच 1890 साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन आपण करणार नाही असं ठरवलं. रूढी शास्त्रात असेल, घरच्या वडीलधाऱ्यांच्या हुकमात असेल, पण वस्तरा ज्याच्या हातात तो नाही म्हणाला की ती तिथेच अडते. त्याआधी आठ वर्षं, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. निमित्त काय होतं? सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला तान्ह्या मुलाच्या हत्येसाठी फाशी सुनावली गेली होती आणि त्यावरून वर्तमानपत्रं साऱ्या स्त्रीजातीला शिव्या देत होती. ताराबाई मराठा, सत्यशोधक घरातल्या. विजयालक्ष्मी त्यांची कोण? जातीची नाही, गावची नाही, भेटलेलीही नाही. तरी तिच्या बाजूने त्यांनी लेखणी उचलली. बायकांचा एकोपा म्हणजे पुस्तकी कल्पना, असं म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक कशातून निघालं ते एकदा पाहावं.

आता वैरिणींकडे वळतो, कारण या मुद्द्याला बगल देऊन चालणार नाही. कथा-नाटकांतल्या बायका एकमेकींना छळतात, आणि लेखकांनी ते आकसाने रचलेलं नाही. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' ही कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे, पण या विषयावर त्याच्याइतकं निर्भय लिखाण मराठीत फारसं नाही. महारवाड्यातल्या सासवांनी कोवळ्या सुनांचे केलेले हाल त्यांनी झाकले नाहीत. आपल्याच माणसांबद्दल, आणि तेही बाहेरचे लोक टपून बसलेले असताना, हे लिहायला फार मोठं मन लागतं. पण ती पानं आधीच्या पानांशिवाय वाचता येत नाहीत. गावाने ज्यांना माणसात धरलं नाही, ज्यांच्या पोटाला मिळालं नाही, त्यांच्या घरात सगळ्यात शेवटी आलेली पोर ही एकच व्यक्ती अशी असते की जिच्यावर सासूचा हुकूम चालतो. बेबीताई कारण सांगतात आणि माफीही देत नाहीत. दोन्ही गोष्टी एकत्र धरता येतात.

विजय तेंडुलकरांच्या नाटकांतल्या बायका या वादात नेहमी साक्षीला बोलावल्या जातात. 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधल्या लुटुपुटूच्या खटल्यात, लग्नाविना दिवस गेलेल्या लीला बेणारेला ओढून आरोपीच्या पिंजऱ्यात नेते ती सौ. काशीकर. 'सखाराम बाइंडर' मध्ये नवऱ्यापासून तुटलेल्या बायका घरात ठेवणाऱ्या सखारामला चंपाचं गुपित सांगते ती लक्ष्मी, आणि सखारामने चंपाचा खून केल्यावर पुरायच्या कामाला आधी लागते तीही लक्ष्मीच. झालं, वैर सिद्ध! पण जरा मागे जाऊन पाहा. सौ. काशीकर तोंड उघडते तेव्हा नवरा तिला चारचौघांत गप्प करतो. पुन्हा पुन्हा करतो. मूल नसल्याचा सल तिच्या पाठीवर आहेच. त्या खोलीत तिला ज्या एकाच कामासाठी मान मिळतो ते म्हणजे दुसऱ्या बाईला खाली ओढणं. आणि ज्याच्यामुळे बेणारेवर ही वेळ आली तो प्रा. दामले त्या खटल्यात हजरच नाही. खोलीतल्या कोणालाही त्याला पिंजऱ्यात उभं करावंसं वाटत नाही. लक्ष्मीचं तर त्याहून वाईट. परत आलेल्या लक्ष्मीला सखाराम मारून हाकलायला निघतो, तेव्हा तिला राहू दे म्हणणारी चंपाच असते. त्या घरात खरा एकोपा निर्माण होतो, काही दिवस टिकतोसुद्धा. तो मोडतो कशाने? छप्पर एक, त्याचा मालक एक, आणि त्याच्या मर्जीवाचून दोघींनाही रस्ता. दोघींपैकी कोणाच्याही नावावर एक खोली असती तर हे नाटक असं संपलं असतं का? लक्ष्मीचं कृत्य भयंकर आहे आणि ते भयंकरच राहतं. 'बाईची जातच अशी' एवढं म्हणून नाटक मिटवणाऱ्याने मात्र सखारामचं घर पाहिलंच नाही.

सगळ्यात अवघड हरकत मी मुद्दाम मागे ठेवली. ती दलित आणि आदिवासी लेखिकांकडून, कार्यकर्त्यांकडून आली आहे : तुमचा तो 'बायकांचा एकोपा' कोणत्या बायकांचा? शिकलेल्या, सवर्ण बाईच्या जाग्या होण्यासाठी गरीब बाई कथेत येते, तिला आरसा दाखवते आणि निघून जाते. या आरोपासाठी तेंडुलकरांचंच 'कमला' पुरेसं आहे. दिल्लीचा पत्रकार जयसिंग जाधव माणसांच्या बाजारातून अडीचशे रुपयांना कमलाला विकत घेऊन घरी आणतो, उद्या पत्रकार परिषदेत उभी करण्यासाठी. रात्री कमला त्याच्या बायकोला, सरिताला, सहज विचारते की तुम्हाला केवढ्याला घेतलं. सरिता सातशे म्हणते. कमला मग मोकळेपणाने दोघींनी घर कसं वाटून घ्यायचं ते ठरवू लागते. शिकलेलीने हिशोब बघावा, आपण घरकाम करू, मालकाच्या वाटेचे दिवस निम्मे निम्मे. मराठी रंगभूमीवर दोन बायकांमधला याहून हलवून टाकणारा संवाद मला आठवत नाही. त्यानंतर कमलाला आश्रमात धाडलं जातं. सरिताला तिला ठेवून घ्यायचं असतं, पण त्या घरात शब्द जयसिंगचा चालतो. नाटक सरिताबरोबर पुढे जातं. कमलाचं पुढे काय झालं हे आपल्याला कळत नाही. आरोप शंभर टक्के खरा आहे.

मी तो मान्य करतो, आणि त्यामुळे माझं म्हणणं मोडत नाही असंही मला वाटतं. जे जमलं नाही ते जमलं नाही असं दाखवणाऱ्या कलाकृतीला एकोप्याची किंमत कळलेली असते. कमलाचा हिशोब भाबडा वाटतो, पण सगळ्या नाटकात कामाची आणि भाराची न्याय्य वाटणी करायचा विचार फक्त तीच करते. एकमेकींना बहीण म्हणायची तिला गरज पडत नाही. कोणी काय करायचं, कोणाच्या वाट्याला काय, एवढंच ती बोलते. खऱ्या जगातल्या बायकांचा एकोपा असाच व्यवहारातून उभा राहतो. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान' या आत्मकथनात फणसवळे गावच्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जातात. वाटेत थट्टा, शिव्या, रडगाणी, सगळं चालतं. कोणी कोणाला फार गोड बोलत नाही. पण जातात बरोबर, कारण ती वाट एकटीने चालायची नाही हे प्रत्येकीला ठाऊक आहे. 1972 च्या दुष्काळानंतर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांबरोबर लाटणी घेऊन मुंबईत मोर्च्याला उतरलेल्या बायकांत पक्ष वेगळे, जाती वेगळ्या, भाषा वेगळ्या होत्या. रेशनवरचं धान्य, तेल आणि रॉकेल यांची चणचण सगळ्यांच्या घरात होती. मनं जुळण्याची वाट पाहत त्या थांबल्या नाहीत.

कविता महाजनांची 'ब्र' (2005) मला या दृष्टीने फार महत्त्वाची कादंबरी वाटते. ग्रामपंचायतींत बायकांना राखीव जागा देणाऱ्या 73व्या घटनादुरुस्तीनंतर गावागावांत बाया सरपंच झाल्या, आणि नवरा, दीर, ग्रामसेवक, माजी सरपंच अशा सगळ्यांनी मिळून त्यांना फक्त सहीपुरतं ठेवायचा उद्योग केला. आपल्या मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेली प्रफुल्ला आदिवासी भागात हिंडत अशा बायांच्या हकिकती ऐकते. शहरी बाईच्या जागृतीसाठी आदिवासी बाई हा धोका इथेही आहेच. पण कादंबरीची पानंच्या पानं त्या बायांच्या हकिकतींनी व्यापलेली आहेत. प्रफुल्लाला त्यांचं ऐकावं लागतं, आणि ऐकताना आपल्याला काहीच कळत नव्हतं हेही कळून घ्यावं लागतं. एका कथेची एक नायिका, हा साचाच इथे अपुरा पडतो. मग 'नायिका खंबीर आहे का' हा प्रश्न विचारायचा तरी कोणाला?

कुणी म्हणेल, हे सगळं समाजशास्त्र झालं, साहित्याचं काय? कथेने एकोप्याचा प्रचार करायचा काय? मुळीच नाही. प्रचारातल्या बायका शेवटच्या पानावर हातात हात घालून उभ्या राहतात आणि पुस्तक तिथेच मरतं. पण नायिकेने बंड केलंच पाहिजे हाही प्रचारच आहे, फक्त आजच्या फॅशनचा. 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तेव्हा त्यातल्या अविवाहित, शिकलेल्या, कमावत्या मुलींनी धड बंडही केलेलं नव्हतं. घरातल्या अडचणी, बापाचा संसार, मनातल्या इच्छा, एवढंच त्या बोलल्या होत्या. तरी गदारोळ झाला. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिणारी ही कोण, याचा शोध घ्यायला लोक धावले. तेव्हा उलटतपासणी लेखिकेची झाली, कारण तिने नको ते सांगितलं. आज तीच पात्रं वाचून आपण म्हणतो, यांनी पुरेसं केलं नाही. दोन्ही वेळा त्या मुली एकमेकींना काय सांगत होत्या ते ऐकायचं राहिलं.

आणि हा प्रश्न जुन्या पुस्तकांपुरता नाही. बीडकडच्या ऊसतोड बायांची मोठी कादंबरी उद्या कोणी लिहिली तर तिचं वाचन आपण कसं करणार? नवराबायको मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरीच्या हिशोबात एकच जोडी. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायचीच. या बायांपैकी कितीकींनी ऐन तिशीत गर्भाशय काढून टाकलं, हा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला आणि चौकशीसाठी समिती नेमली गेली. अशा कादंबरीतली बाई ऑपरेशनला 'नाही' का म्हणाली नाही, असा प्रश्न कोणी विचारला, तर मी त्याला आधी तिच्या कोपीशेजारच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीशेजारच्या, कोपीत जायला सांगेन. हिच्या अंगावर ताप असताना हिचं लेकरू कोणी सांभाळलं, मोळीला कोणी हात लावला, डॉक्टरकडे जाताना सोबत कोण आली, आणि तीच सोबतीण 'मीही काढून टाकलं, सुटले' असं कोणत्या तोंडाने, कोणत्या थकव्यातून म्हणाली? आधार देणारी आणि चुकीच्या दवाखान्यात नेणारी बाई तिथे एकच असू शकते. ते लिहिणारा लेखक किंवा लेखिका आपल्याला हवी आहे. आणि ते लिहून झाल्यावर 'नायिका दुबळी आहे' असा शेरा मारणार नाही, असा वाचकही.